घरात विमा नेमका कोणाचा हवा?

ऐरोलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. मुलगा 11 वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसणं), सरकारी अपंगत्व ओळखपत्रावर, म्हणजे यूडीआयडी कार्डावर, 90 टक्के अपंगत्व. यजमान 43 वर्षांचे, महाप्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीत. पगार वर्षाला 11 लाख, हातात महिन्याला 80 हजारांच्या आसपास, घरखर्च 55 हजार. ताईंनी मुलासाठी नोकरी सोडली. न्यूमोनियानंतर मुलाला रात्री ऑक्सिजन लागतो. 'दोन-तीन महिन्यांत सुटेल' म्हणून कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं विजेवरचं मशीन) 5,000 रुपये महिना भाड्याने आणला, त्याला आता 14 महिने झाले. मध्यरात्री अलार्म वाजतो, दुकानदाराचा माणूस 'उद्या येतो' म्हणतो आणि तिसऱ्या दिवशी उगवतो. ऑनलाइन मागवलेली 68 हजारांची व्हीलचेअर मुलाला बसतच नाही. ती परत घेत नाहीत, म्हणून गॅलरीत पडून आहे.

ताई विचारतात: 50 हजारांचा नवा कॉन्सन्ट्रेटर आणि 1 लाख 40 हजारांची मागे झुकणारी चेअर घ्यायची आहे. पर्सनल लोन काढू, की 3 लाखांची एफडी मोडू? आणि शेवटी लिहितात, 'पुढची काळजी नाही. मावसदिरांकडून मुलाच्या नावाने पॉलिसी घेतली आहे. वर्षाला 1 लाख 20 हजार, 15 वर्षं भरायचे. चार हप्ते झाले. अजून 16 वर्षांनी 33 लाख मिळतील, त्याच्या जन्माची सोय झाली.'

ताई, आधी विचारलेल्याचं सांगतो. कॉन्सन्ट्रेटर विकत घ्या. भाड्यापोटी 70 हजार गेले, तेवढ्यात मशीन येऊन वर सर्व्हिसिंगचे पैसे उरले असते. ऑक्सिजन लवकर सुटेल ही आशा धरलीत, यात तुमची चूक नाही. मात्र डॉक्टर 'सहा महिने तरी लागेल' म्हणतील त्या दिवशी भाड्याचा हिशेब संपतो. भाड्यात पैसे मोजण्यासारखी गोष्ट एकच असते, मशीन बंद पडलं तर काही तासांत दुसरं दारात येणं. तीच तुम्हाला मिळत नाही. विकत घेताना दुकानदाराकडून दोन गोष्टी लेखी घ्या: दुरुस्तीच्या काळात बदली मशीन किती तासांत देणार, आणि वर्षाच्या सर्व्हिसिंगमध्ये ऑक्सिजनची शुद्धता मोजून देणार का. नुसतं फिल्टर धुऊन गेला म्हणजे सर्व्हिसिंग झालं नाही.

विजेचं तुम्ही विचारलं नाहीत, पण खरा धोका तिथे आहे. मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारं मशीन साधारण 350 वॅट खातं. 150 एएचच्या एका बॅटरीवर ते फार तर साडेतीन-चार तास चालेल, तेही बॅटरी नवी असेल तर आणि इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह असेल तर. पावसाळ्यात केबल गेली की एवढ्याने भागत नाही. म्हणून एक बी टाइप सिलिंडर भरून घरात ठेवा. त्यात साधारण 1,500 लिटर ऑक्सिजन असतो. डॉक्टरांनी मिनिटाला एक लिटर सांगितला असेल तर दिवसभर पुरतो, दोन लिटरला बारा तास. घशातला कफ ओढून काढणारं सक्शन मशीन असेल तर पायाने चालवायचा सक्शन पंपही घेऊन ठेवा. तो फार महाग नसतो आणि त्याला वीज लागत नाही.

चेअर घ्या, पण या महिन्यात नको. मुलगा 11 वर्षांचा आहे, आता झपाट्याने उंच होईल. आधी त्याची ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा फिजिओ यांच्याकडून बैठकीची मापं लेखी घ्या: कमरेची रुंदी, मांडीची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंतची उंची. सीटची खोली आणि रुंदी वाढवता येणारी चेअरच बघा, नाहीतर दोन वर्षांत हीसुद्धा गॅलरीत जाईल. खारघरला एनआयईपीआयडी या बौद्धिक अपंगत्वासाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं केंद्र आहे, हाजी अलीला अखिल भारतीय पुनर्वसन संस्था आहे. तिथे मुलाला बसवून पाहता येईल का ते विचारा. आणि घरातल्या दारांची रुंदी टेपने मोजा. सिडकोच्या जुन्या इमारतींत बाथरूमचं दार जेमतेम दोन फुटांचं असतं. एवढी महाग चेअर दारातच अडली, तर मुलाला उचलून नेणं तुमच्या कमरेवरच येणार.

केंद्र सरकारच्या एडीआयपी योजनेतून अपंगांना साधनं मिळतात, पण तिची उत्पन्नाची मर्यादा महिना 30 हजार आहे, तुम्ही त्यात बसत नाही. 'निरामय' मात्र आजच करा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची आरोग्य विमा योजना आहे, सेरेब्रल पाल्सीसाठी वैद्यकीय तपासणीशिवाय मिळते, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात ओपीडी आणि थेरपीही येते. नोंदणी 500 रुपयांत होते. तुमच्या नेहमीच्या मेडिक्लेमकडून घरच्या यंत्रांची अपेक्षा ठेवू नका. नेब्युलायझर किट, स्प्लिंट (हातपाय सरळ ठेवणारे आधार), घरी वापरायचा ऑक्सिजन हे सगळं सहसा न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत असतं.

आता पॉलिसी. पत्रातली ही एक ओळ वाचून मी बाकीचं सगळं बाजूला ठेवलं.

तुमच्या घरात विमा कोणाचा आहे? 11 वर्षांच्या मुलाचा, ज्याच्या कमाईवर कोणीच अवलंबून नाही. आणि ज्यांच्या पगारावर ऑक्सिजन चालतो, त्यांच्या नावावर कंपनीचा 20 लाखांचा गट विमा सोडला तर काही नाही. नोकरी सुटली की तोही जातो. हप्ता माफीचा रायडरही, म्हणजे कमावता गेला तर पुढचे हप्ते माफ करणारी जोड, घेतलेली नाही. म्हणजे उद्या यजमानांचं काही बरंवाईट झालं, तर पॉलिसी तुम्हाला पैसे देणार नाही, उलट वर्षाला 1 लाख 20 हजार तुमच्याकडे मागेल. अपंग मुलाच्या आईला 'याच्या जन्माची सोय' म्हणून हे विकलं गेलं, याचा मला मनापासून राग आहे. प्रपोजल फॉर्मची प्रत तुम्ही जोडली आहे. त्यात आजारांच्या प्रत्येक प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं आहे. घरातल्याच माणसाने, मुलगा समोर दिसत असताना.

33 लाखांचंही बघू. 15 वर्षांत भरणार 18 लाख, विसाव्या वर्षी मिळणार 33 लाख. परतावा पाच टक्क्यांच्याही आत. पीपीएफ 7.1 टक्के देतं. महागाई सहा टक्के धरली तर 16 वर्षांनंतरच्या 33 लाखांची आजची किंमत 13 लाख. महिना 50 हजारांच्या खर्चाला ते दोन वर्षांच्या थोडं वर पुरतील. मुलगा तेव्हा 27 वर्षांचा असेल.

कर वाचेल म्हणूनही तुम्हाला हे दिलं, असं लिहिलं आहे. नव्या करपद्धतीत 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य आहे. तुमच्या 11 लाखांवर वाचवायला करच उरलेला नाही. 80सी (विम्याच्या हप्त्यासारख्या गुंतवणुकीवरची) आणि 80डीडी (घरातल्या अपंग व्यक्तीसाठीची) या करसवलती जुन्या पद्धतीतल्या आहेत, त्यांच्यासाठी एक रुपयाही गुंतवू नका.

पॉलिसी आत्ताच मोडली, म्हणजे सरेंडर केली, तर कंपनीने 2 लाख 30 हजार सांगितले आहेत. भरले 4 लाख 80 हजार. निम्म्याहून जास्त गेले हे बघून पोटात तुटतं, म्हणून लोक 'निदान पेड-अप करू' म्हणतात, म्हणजे पुढचे हप्ते न भरता पॉलिसी मुदतीपर्यंत तशीच ठेवायची. पेड-अप केली तर बोनससकट 16 वर्षांनी साधारण सव्वापाच लाख मिळतील. हेच 2 लाख 30 हजार सात टक्क्यांनी वाढले तरी तेवढ्या वर्षांत पावणेसात लाखांच्या आसपास होतात. शिवाय तुम्हाला पैसा आज हवा आहे. सरेंडर करा. त्यातून चेअर आणि कॉन्सन्ट्रेटर मिळून 1 लाख 90 हजार निघतात, वर सिलिंडर आणि पंपही येतो. पर्सनल लोन नको. 15 टक्क्यांनी दोन वर्षांत 31 हजार नुसतं व्याज जाईल. एफडीला हात लावू नका, ती हॉस्पिटलची आहे.

वर्षाचे 1 लाख 20 हजार मोकळे झाले, भाड्याचे 60 हजार वाचले. हातात 1 लाख 80 हजार. पहिला खर्च यजमानांचा दीड कोटीचा टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा विमा), वयाच्या 65 पर्यंत. त्यांच्यामागे घराला वर्षाला सहा लाख लागतील, त्याची 25 पट धरली. हप्ता वर्षाला 45 हजारांच्या आसपास धरा. सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटी नाही. फॉर्म त्यांनी स्वतः भरायचा, बीपीची गोळी चालू असेल तर तीही लिहायची. पॉलिसी विवाहित स्त्री संपत्ती कायद्याखाली, लाभार्थी म्हणून तुमचं नाव लिहून घ्या, म्हणजे देणेकऱ्यांना तिला हात लावता येत नाही. मुलाला नॉमिनी करू नका. त्याच्या वतीने सही कोण करणार?

दुसरा खर्च यंत्रांचा. चेअर तीन वर्षं टिकेल असं धरलं तर वर्षाला 45 ते 50 हजार, कॉन्सन्ट्रेटर सर्व्हिसिंगसह 15 हजार, स्प्लिंट दरवर्षी नवे म्हणून 10 हजार, सक्शन आणि बॅटरीचे सात-आठ हजार. जवळपास 80 हजार. म्हणजे महिन्याला साडेसहा ते सात हजार, वेगळ्या खात्यात, पगाराच्या दिवशीच. तुम्ही प्रत्येक यंत्र अचानक आलेलं संकट म्हणून घेता आणि दरवेळी कर्ज शोधता. मूल वाढणार, यंत्रं झिजणार, हा किराण्यासारखा नेहमीचा खर्च आहे. उरलेले 55 हजार तुमच्या नावाने पीपीएफमध्ये टाका.

आणि ताई, तुमच्या पत्रात तुमचा स्वतःचा हिशेब कुठेच नाही. तुम्ही आजारी पडलात तर बारा तासांच्या अटेंडंटला महिना 20 हजार सहज लागतील, आणि रात्रीचं सक्शन ती करेलच असं नाही. गृहिणींनाही काही कंपन्या टर्म देतात. यजमानांची पॉलिसी निघाली की तुमच्यासाठी 25 लाखांची चौकशी करा. दोघांची मृत्युपत्रंही या वर्षात झाली पाहिजेत, आणि दोघांच्या मागे मुलाकडे कोण बघणार त्या माणसाला आधी विचारून मग त्याचं नाव लिहा.

मुलगा 18 चा झाला की कायद्याने तुमचं पालकत्व संपतं, त्याची समज कितीही असो. त्यानंतर नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागतो. ऐरोली ठाणे जिल्ह्यात येते, म्हणजे तुमची समिती ठाण्याला. याच कारणाने सरेंडरला उशीर नको. मुलांच्या अशा पॉलिसीची मालकी साधारणपणे 18 व्या वर्षी मुलाकडे जाते, मग यजमानांची सही चालत नाही. आज ते प्रपोजर, म्हणजे पॉलिसी घेणारे, आहेत. पॉलिसीचा मूळ बाँड, आधार, पॅन आणि रद्द केलेला चेक घेऊन त्यांनी स्वतः शाखेत जावं. मावसदिरांना फॉर्म देऊन बसू नका. ते 'अजून एक वर्ष थांबा' म्हणतील, आणि त्या एका वर्षाचा हप्ता 1 लाख 20 हजार आहे.