नाशिकमध्ये टेस्ट बनवून रिसर्च करणार असशील तर

हे बघ, अल्फा, म्हणजे टेस्टमधले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा, ०.८ च्या वर आला की टेस्ट झाली असं समजू नकोस. ली क्रोनबाख या मानसशास्त्रज्ञाचा हा आकडा १९५१ पासून सगळेच वापरतात, पण प्रश्न वाढवले किंवा तोच प्रश्न शब्द फिरवून चारदा विचारला तरी तो चढतो, आणि आपल्याला जे मोजायचंय तेच मोजलं जातंय का हे तो सांगतच नाही, त्याला व्हॅलिडिटी लागते आणि खरी मेहनत तिथेच आहे.

तुझं सॅम्पल गंगापूर रोडच्या शाळांमधलं आणि सुरगाणा-पेठच्या आश्रमशाळांमधलं, दोन्ही आहे ना, मग आधी दोन्हीकडे थोड्या मुलांसोबत बसून पायलट कर. प्रत्येक प्रश्न वाचून त्यांना काय समजलं ते त्यांच्याच तोंडून ऐक. घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणारं पोरगं सरकत्या जिन्याच्या गणितात अडकलं तर ते गणितात कच्चं आहे असं कसं म्हणणार? मला या गोष्टीचा खरंच त्रास होतो, कारण त्या मार्कांवरून पोरांवर शिक्के बसतात. बिने आणि सिमाँ या फ्रेंच मानसशास्त्रज्ञांनी १९०५ मध्ये बुद्धिमत्तेची पहिली टेस्ट केली ती मदत कोणाला लागेल हे शोधायला, शिक्के मारायला नाही.

बाकी आयटम ॲनालिसिस, म्हणजे एकेक प्रश्न तपासणं, सोपंय, एकूण मार्कांत वरच्या आणि खालच्या २७ टक्के मुलांची तुलना कर, जो प्रश्न खालच्यांना जास्त जमतोय तो आधी तपास, बऱ्याचदा उत्तरसूचीच चुकलेली असते. आणि परदेशी टेस्टचे नॉर्म्स, म्हणजे तिथल्या मुलांच्या मार्कांवरून ठरवलेली तुलनेची मापं, जसेच्या तसे लावू नकोस, प्लीज.