तीन वर्षांची एलएल.बी. सीईटी: कायद्याच्या पुस्तकांआधी काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.कॉम.चं शेवटचं वर्ष, शिक्षण मराठी माध्यमातून, प्रवर्ग इतर मागासवर्ग, जातवैधता प्रमाणपत्र (जातीचा दावा पडताळून मिळणारं) काढलेलं नाही, सीईटीला (राज्याच्या प्रवेश परीक्षेला) चार महिने, क्लास परवडत नाही. तर कायद्याची कोणती पुस्तकं घ्यावीत? शिवाय धाकटा भाऊ बारावीत आहे, तो क्लॅट (राष्ट्रीय विधि विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) म्हणतोय.

पुस्तकांच्या आधी जातवैधता. अर्ज याच आठवड्यात टाका, कारण या कामाला लागणारा वेळ तुमच्या हातात नसतो. इतर मागासवर्गासाठी मानीव दिनांक 13 ऑक्टोबर 1967 आहे. म्हणजे त्याआधीचा, जातीची नोंद असलेला वडिलांकडच्या नात्यातला पुरावा शोधायचा. आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा सगळ्यांत चांगला. आजोबा शाळेत गेले नसतील, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक किंवा गाव नमुना 14 (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी) यांची नक्कल मागा. सख्ख्या काकांची, चुलतभावाची किंवा आत्याची वैधता आधीच झाली असेल, तर ती वंशावळीसह जोडा, काम बरंच हलकं होतं. अर्ज ऑनलाइन भरून जात पडताळणी समितीकडे द्यायचा असतो आणि त्यावर महाविद्यालयाचा सही-शिक्का लागतो. परीक्षेच्या धामधुमीत प्राचार्य भेटत नाहीत, म्हणून ते आत्ताच करून घ्या. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राची (कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याच्या दाखल्याची) मुदत त्यावर लिहिलेल्या वर्षाच्या 31 मार्चला संपते. मागच्या वर्षी काढलेलं प्रमाणपत्र प्रवेशाच्या वेळी बाद झालेलं असू शकतं, आणि केंद्राच्या नमुन्यातलं इथे चालत नाही, राज्याच्याच नमुन्यातलं हवं. वैधतेच्या अर्जाच्या पावतीवर कधी कधी मुदत मिळते, पण तो त्या वर्षीच्या शासन निर्णयाचा भाग. त्या भरवशावर राहिलं आणि मुदत मिळाली नाही, तर चांगले गुण असूनही तुमचा विचार खुल्या प्रवर्गातून होतो.

पात्रताही तपासा. पदवीला खुल्या प्रवर्गाला 45 टक्के, तुम्हाला 42, अनुसूचित जाती-जमातींना 40. पाव-अर्धा टक्का कमी पडला तर वर ओढून धरत नाहीत. गुणपत्रिकेवर सीजीपीए असेल, तर टक्केवारीत रूपांतराचं पत्र विद्यापीठाकडून आधीच घ्या. हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक: बारावी न करता पूर्वतयारी परीक्षा देऊन मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल, तर बार कौन्सिलच्या (वकिलीच्या शिक्षणाचे नियम करणाऱ्या संस्थेच्या) 2008 च्या नियमांत ती बसत नाही. बारावी करून मग मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल, तर हरकत नाही.

आता पेपर. 2025 पासून 150 ऐवजी 120 प्रश्न आहेत, प्रत्येकी एक गुण, वेळ दोन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. इंग्रजी 40, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी 32, कायदा 24, तर्क 24. ही बेरीज नीट पाहा. इंग्रजी आणि सामान्य ज्ञान मिळून 72, म्हणजे पेपरचा साठ टक्के भाग, आणि त्यात कायदा नाही. तरीही बहुतेक जण कायद्याचा जाडजूड ठोकळा विकत घेतात, दोन महिने कलमं घोकतात आणि इंग्रजीला हात लावतात तेव्हा परीक्षा पंधरा दिवसांवर आलेली असते. मराठी माध्यमातल्या मुलांच्या जागा इथेच जातात. प्रश्नपत्रिका मराठीतही असते, इंग्रजीचा विभाग तेवढा इंग्रजीतच.

म्हणून रोजचे अडीच तास असतील, तर त्यातला पूर्ण एक तास इंग्रजीला द्या. सगळं व्याकरण पहिल्यापासून नको. मराठी डोक्यात असल्यामुळे ज्या चुका होतात, त्या आधी पकडा. आपल्याकडे ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ असं काही नाही, त्यामुळे आर्टिकल सुटलेलं डोळ्यांना खटकत नाही. आपण ‘विषयी चर्चा’ म्हणतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ बरोबर वाटतं, पण ते चूक. ‘त्याच्याशी लग्न’ म्हणतो, म्हणून ‘मॅरीड विथ’ लिहितो, तिथे ‘मॅरीड टू’ हवं. ‘सिन्स’ आणि ‘फॉर’चाही असाच घोळ होतो. अशा चुकांची वही करा, पन्नास-साठ नोंदींत बहुतेक सापळे येतात. शब्दसंग्रहासाठी याद्या पाठ करू नका. इंग्रजी वृत्तपत्राचा एक अग्रलेख रोज वाचा, त्यातले आठ-दहा शब्द वाक्यासकट लिहा आणि दर रविवारी उजळणी करा. त्यातून उतारा वाचायचा वेगही वाढतो.

सामान्य ज्ञानासाठी एक मराठी दैनिक आणि एकच मासिक पुरे. नेमणुका, पुरस्कार, क्रीडा, महाराष्ट्राच्या योजना आणि गाजलेले न्यायालयीन निकाल यांच्या एका ओळीच्या नोंदी ठेवा.

कायद्याचे 24 प्रश्न दोन जातीचे असतात. एक सरळ माहितीचे: पाच प्रकारचे न्यायादेश (रिट), राज्यघटनेच्या कलम 32 आणि 226 मधला फरक, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं निवृत्तिवय 62 आणि सर्वोच्च न्यायालयाचं 65, केशवानंद भारती 1973, विशाखा 1997, पुट्टस्वामी 2017 हे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल, नेहमीची लॅटिन सूत्रं. यासाठी दोन-तीनशे पानांचं एक पुस्तक पुरतं, फक्त ते नवं हवं. 1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाची शिक्षा कलम 302 ऐवजी 103 मध्ये आहे, फसवणूक 420 ऐवजी 318 मध्ये. जुनी गाईडं अर्ध्या किमतीत मिळतात, पण त्यातला फौजदारी भाग चुकीचं पाठ करायला लावतो.

दुसरी जात तत्त्व आणि घटना यांची. इथे न्यायबुद्धी बाजूला ठेवून दिलेलं तत्त्वच लावायचं. समजा तत्त्व आहे: अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक असतो. घटना: सतरा वर्षांच्या मुलाने वय खोटं सांगून कर्ज घेतलं, सावकाराने कराराच्या आधारे वसुलीचा दावा लावला. ‘खोटं बोलला, म्हणून परत करावं’ हा पर्याय मनाला पटतो आणि तिथेच गुण जातो. तत्त्वात खोटेपणाचा अपवाद दिलेला नाही, म्हणून दावा टिकत नाही. दुसरं तत्त्व: स्वतःहून पत्करलेल्या धोक्याची भरपाई मागता येत नाही. सामना बघताना षटकाराचा चेंडू लागला, तर भरपाई नाही. पण त्याच सामन्यात प्रेक्षकांची गॅलरी कोसळली, तर मागता येते, कारण गॅलरी पडण्याचा धोका कुणी पत्करलेला नसतो. असे दोनशे प्रश्न सोडवा आणि चुकलेल्या प्रत्येकापुढे तत्त्वातला कोणता शब्द नजरेतून निसटला ते लिहा.

तर्काच्या विभागात नातेसंबंध, दिशा, सांकेतिक भाषा, विधान-निष्कर्ष आणि बैठकव्यवस्था येतात. बैठकव्यवस्थेच्या प्रश्नात दोन मिनिटांत आकृती जुळली नाही, तर पुढे चला.

शेवटचे सहा आठवडे दर आठवड्याला दोन पूर्ण सराव परीक्षा, संगणकावर आणि तुमच्या सत्राच्याच वेळेला. सामान्य ज्ञान 12 मिनिटं, कायदा 25, इंग्रजी 35, तर्क 35 अशी वाटणी केली, तर 13 मिनिटं हातात उरतात. उणे गुण नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. मराठी भाषांतर अडखळलं, तर इंग्रजी मजकूर वाचा. निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. तो टक्का नव्हे, तुमच्या मागे किती जण आहेत त्याचं ते माप आहे.

परीक्षेनंतर सर्वांत जास्त होणारी चूक: सीईटीचा अर्ज भरला म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं समजणं. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची नोंदणी वेगळी असते, तिची मुदत वेगळी, कागदपत्रं तिथे पुन्हा चढवायची असतात. छाननीत त्रुटी निघाली तर ती दुरुस्त करायला मोजके दिवस मिळतात, म्हणून पोर्टल रोज उघडून पाहा. पसंतीक्रम भरताना मागच्या वर्षीचा कटऑफ पाहून वरची महाविद्यालयं गाळू नका. वर लिहिलेलं मिळालं नाही, म्हणून खालचं हातचं जात नाही. मुंबईचं शासकीय विधि महाविद्यालय किंवा पुण्याचं आयएलएस मनात असेल, तर सरळ वर लिहा. अनुदानित आणि विनाअनुदानित तुकड्यांच्या शुल्कात मोठा फरक असतो, तो मात्र आधी बघा. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या इतर मागासवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलात, तर ही सवलत जाते.

भावाचं गणित वेगळं आहे. क्लॅटही 120 प्रश्नांचीच आणि दोन तासांची, पण ती पूर्ण इंग्रजीत, कागदावर आणि अलीकडे डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. प्रत्येक चुकीला पाव गुण कापतात आणि प्रश्न लांब उताऱ्यांवर येतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठांत महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी राखीव जागा आहेत, म्हणून त्याचं अधिवास प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेवा. त्याने रोज साडेचारशे शब्दांचे चार उतारे घड्याळ लावून सोडवायला घ्यावेत, आणि पाच वर्षांच्या सीईटीचा अर्जही भरावा. ती परीक्षा वेगळी, त्यात कायदा आणि तर्क प्रत्येकी 32, इंग्रजी व सामान्य ज्ञान प्रत्येकी 24, आणि गणिताचे 8 प्रश्न असतात.