‘मॅडम, मी थांबलो तर पुन्हा सुरूच होत नाही’

पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. माझ्याकडे आलेले एक उद्योजक (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) सहा वर्षं गुरुवारीही शेडचं कुलूप उघडून एकटेच आत बसत. दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारी, धातूचे भाग कापून घडवणारी यंत्रं), नऊ माणसं, जॉबवर्क म्हणजे दुसऱ्या कारखान्यांसाठी भाग बनवून देणं. वय ३८.

त्यांच्या मुलाला एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाणारी, लहानपणापासूनची मेंदूची अवस्था) असल्याचं कळलं तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांनी वडिलांचीही चौकशी केली. एडीएचडीत अनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, जुळ्यांच्या अभ्यासांतून तो साधारण ७० ते ८० टक्के निघतो. त्यामुळे मुलाच्या निमित्ताने आईचं किंवा वडिलांचं निदान होणं नवीन नाही. लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, ते या उद्योजकांच्या आईने सांगितलं : वह्या हरवायच्या, वर्गात खिडकीबाहेर बघायचा, पण रेडिओ उघडून दिला की जेवणाचीही शुद्ध नसायची. निदान आणि औषध डॉक्टरांचं. दिवसाची घडी बसवण्यासाठी त्यांनी माझ्याकडे पाठवलं.

पहिल्या भेटीत पत्नी म्हणाल्या, “डबा जसाच्या तसा परत येतो. रात्री साडेअकराला घरी येतात, मग दोनपर्यंत मोबाईल.” ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मॅडम, मी थांबलो तर पुन्हा सुरूच होत नाही. म्हणून थांबत नाही.”

एडीएचडी असलेल्या व्यावसायिकांकडून मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की त्याचं उत्तर नीट द्यायला हवं असं वाटतं. घरचे म्हणतात, जरा आराम कर. या सल्ल्याचा उपयोग होत नाही, कारण भीती खरी आहे. या मेंदूला कामाचं महत्त्व पटलेलं असतं, पण तेवढ्याने काम सुरू होत नाही. त्याला काहीतरी नवं, आवडीचं किंवा अगदी गळ्याशी आलेलं लागतं. महत्प्रयासाने एकदा गाडी पळायला लागली की माणूस ब्रेकला हात लावायला घाबरतो. त्यात लहानपणापासून ‘आळशी’ ऐकलेलं असतं. यांचे वडील म्हणायचे, हातावर हात ठेवून बसू नये. ते यांच्या अंगात भिनलं होतं.

पण न थांबण्याची किंमत ते मोजत होतेच. एका रात्री, सकाळपासून पंधराव्या तासाला, त्यांनी ऑफसेटमध्ये, म्हणजे टूल किती सरकवायचं हे मशीनला सांगणाऱ्या आकड्यात, ०.०५ ऐवजी ०.५ टाकलं. पहिला पीस न मोजताच बॅच सोडली. साठ शाफ्ट रिजेक्ट. “मला दमल्यासारखं वाटतच नव्हतं,” ते म्हणाले.

इथे माझं चुकलं, तेही सांगते. मी त्यांना २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती असा टायमर लावायला सांगितला. तीन दिवसांत त्यांनी तो बंद केला. सेटिंगच्या ऐन मध्यात तो वाजायचा, तंद्री मोडायची आणि चिडचिड कामगारांवर निघायची. बऱ्याच जणांना या पद्धतीचा फायदा होतो, त्यांना झाला नाही.

मग मी त्यांनाच विचारलं, टूलचा इन्सर्ट, म्हणजे त्याचं झिजणारं कापायचं टोक, तुम्ही कधी बदलता? ते लगेच म्हणाले, “काउंटवर. इतके पीस झाले की फिरवायचा. खराब दिसेपर्यंत थांबलो तर तोवर जॉब गेलेला असतो.” बोलता बोलता ते थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले.

एडीएचडीत भूक, तहान, थकवा यांची जाणीव अनेकांना उशिरा होते. ‘दमलो की थांबेन’ हे अशा माणसाच्या बाबतीत होतच नाही. थांबायचं ते काउंटवर. आम्ही टायमर सोडून कामातलेच सांधे शोधले. पहिला पीस मोजून पास झाला आणि मशीन ऑपरेटरच्या ताब्यात गेली, की दहा मिनिटं बाहेर. गेटजवळच्या कडुनिंबापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. मोबाईल ड्रॉवरमध्ये. मोबाईल चाळण्याने मेंदूला विसावा मिळत नाही, आणि त्यातून बाहेर यायलाच अर्धा तास जातो.

परत सुरू होण्याच्या भीतीवर उपाय होता एक पांढरा बोर्ड. बाहेर पडण्याआधी त्यावर पुढची एकच कृती लिहायची. ‘कोटेशन’ असं नाही लिहायचं. लिहायचं, ‘ड्रॉइंग उघड, मटेरियलचं वजन काढ’. परतल्यावर ठरवायचं काही उरत नाही, हात आपोआप चालतो. मला स्वतःला यातला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो.

डब्याची वेळ मात्र घड्याळावर, दीड वाजता. औषधाने भूक मंदावते, त्यामुळे भुकेची वाट बघायची नाही. औषध सुरू झाल्यावर त्यांना वाटलं होतं, आता सोळा तास काम होईल. मी स्पष्ट सांगितलं, गोळी लक्ष द्यायला मदत करते, झोपेची भरपाई करत नाही. रात्री दहाचा चहाही बंद केला. कॅफीनचा निम्मा भाग शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात, आणि एडीएचडी असलेल्या अनेकांचं झोपेचं घड्याळ आधीच उशिरा चालत असतं.

गुरुवार सगळ्यात अवघड गेला. पहिल्या गुरुवारी ते घरी सोफ्यावर बसले आणि दुपारपर्यंत सगळ्यांशी भांडले. रिकामं बसणं ही त्यांच्यासाठी शिक्षा आहे, विश्रांती नाही. पुढच्या गुरुवारी पहाटे सायकल काढून आळंदीला गेले, इंद्रायणीच्या घाटावर थोडं बसले, परत आले. आता मुलगाही कधीकधी शाळेआधी थोड्या अंतरापर्यंत सोबत जातो. पत्नींना मी एवढंच सांगितलं होतं, की ते शांत बसलेले दिसले तर “आज काम नाही वाटतं?” असं गमतीनेही म्हणू नका.

एडीएचडी म्हणजे उद्योजकाला मिळालेलं वरदान, असं हल्ली फार बोललं जातं. मला ते पटत नाही. धाडस, झटपट निर्णय, संकटात डोकं चालणं हे यांच्यात आहे. पण वरदान म्हटलं की माणूस आणखी रेटतो आणि मदत मागायला लाजतो.

पाच महिने झाले. गुरुवारी शेड बंद असते, महिन्यातून एखादा अपवाद. जीएसटीचं रिटर्न अजूनही २० तारखेच्या संध्याकाळी घाईत भरलं जातं, ते काम आम्ही आत्ता कुठे हातात घेतलंय. मार्चअखेरची घाई समोर आहे आणि तेव्हा ही घडी टिकेल का, याची त्यांना धास्ती आहे, थोडी मलाही. म्हणून त्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी अकराची वेळ त्यांनी माझ्याकडे आत्ताच नोंदवून ठेवली आहे, आणि बोर्डवरही लिहिली आहे.