इमेज काढून ठेवली, पण ती परत घालणार कशी?

प्रश्न (अमळनेर) : मी रिटायर्ड शिक्षक. घरी विंडोज १० चा डेस्कटॉप आहे, त्यात २५६ जीबीची एसएसडी आणि १ टीबीची जुनी हार्ड डिस्क. मुलगा पुण्याहून फोनवर सांगतो, पप्पा डिस्कची इमेज काढून ठेवा. दुकानवाला म्हणतो क्लोन करा. शेजारचे आप्पा म्हणतात गुगल ड्राइव्ह असताना हे कशाला. नेटवर शोधलं तर वीस सॉफ्टवेअर निघतात अन् सगळेच स्वतःला एक नंबर म्हणतात. फुकट असेल तर बरं. नेमकं कोणतं घेऊ?

उत्तर : गुरुजी, तिघंही खोटं बोलत नाहीयेत, फक्त तिघं तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत. इमेज म्हंजे अख्खी डिस्क, त्यातलं विंडोज, प्रोग्रॅम, मराठी फॉन्ट, प्रिंटरचा ड्रायव्हर (म्हंजे विंडोजला ते यंत्र ओळखायला लावणारा छोटा प्रोग्रॅम), सगळं एका मोठ्या फायलीत दाबून भरलेलं. ती फाईल बाहेरच्या डिस्कवर पडून राहते आणि अशा चार-पाच इमेज एका डिस्कवर मावतात. क्लोन म्हंजे एका डिस्कची दुसऱ्या डिस्कवर सरळ नक्कल, लावली की चालू, पण एका नक्कलेला एक डिस्क अडकून पडते. दुकानवाला क्लोन म्हणतो कारण त्याच्याकडे माणूस डिस्क बदलायलाच येतो. गुगल ड्राइव्ह फुकटात १५ जीबी, त्यातच जीमेल आणि फोटो पण आले, आणि मुख्य म्हंजे त्यातून बंद पडलेलं विंडोज काही उठून बसत नाही.

आता सॉफ्टवेअर. एक गोष्ट आधी सांगतो, माझ्यावरच गुदरलेली. दोन उन्हाळ्यांमागे माझ्या लॅपटॉपची एसएसडी एका सकाळी गेली. आवाज नाही, सूचना नाही, नुसती काळी स्क्रीन. मी आपला निवांत, कारण बाहेरच्या डिस्कवर महिन्याभरापूर्वीची इमेज होती. नवीन एसएसडी आणली, बसवली, आणि मग डोक्यात प्रकाश पडला की ती इमेज उघडणारं सॉफ्टवेअर गेलेल्या डिस्कवरच होतं! म्हंजे तिजोरी शाबूत अन् किल्ली तिजोरीतच. पुतण्याच्या कॉम्प्युटरवर त्याच सॉफ्टवेअरचा बूट होणारा, म्हंजे मशीन थेट त्याच्यावरूनच चालू होईल असा पेनड्राइव्ह बनवला, लॅपटॉपला लावला, तर त्याला नवीन डिस्कच दिसेना. इंटेलच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपात डिस्क व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते, त्याचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर नसला तर डिस्क असून नसल्यासारखी. पुतण्याच्या जुन्या मशीनला तो ड्रायव्हर लागतच नव्हता, मग पेनड्राइव्हवर येणार कुठून. रात्री दीड वाजता काम झालं. भावजय म्हणे, भाऊजी शेवभाजी गार झाली, आता तरी जेवा.

तेव्हापासून मी सॉफ्टवेअर बघताना ते बॅकअप किती छान घेतं ते बघत नाही, ते सगळेच घेतात. रिस्टोअरचा, म्हंजे इमेज परत घालायचा पेनड्राइव्ह किती सोपा बनतो आणि त्यात याच मशीनचे ड्रायव्हर आपोआप जातात का, हे बघतो. त्या हिशोबाने तुमच्यासाठी वीम एजंट फॉर विंडोज, फ्री आवृत्ती. कंपनी मूळची सर्व्हरवाल्यांची, म्हणून स्क्रीन जरा रुक्ष आहे, पण घरगुती माणसाला पुरेसं सगळं फुकट देते. पहिली इमेज पूर्ण, नंतर फक्त बदललेलं तेवढं. विंडोज चालू असतानाच इमेज निघते कारण विंडोजमधली शॅडो कॉपीची सोय त्या क्षणाची डिस्क स्थिर धरून ठेवते, तुम्ही खुशाल पेपर वाचा. रिकव्हरी मीडिया, म्हंजे तोच रिस्टोअरचा पेनड्राइव्ह, बनवताना ते मशीनचे ड्रायव्हर सोबत घेतं. आणि इमेजमधून एखादीच फाईल बाहेर काढता येते, हे फार कामाचं, कारण घरात डिस्क जळते कधीतरी पण चुकून डिलीट दर महिन्याला होतं.

क्लोनझिला पण चांगलं आणि पूर्ण फुकट, तैवानच्या हाय-परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग केंद्रातल्या लोकांनी बनवलेलं. पण गुरुजी, त्याची स्क्रीन नुसती अक्षरांची, माउस चालत नाही, आणि कुठली डिस्क मूळ अन् कुठल्या डिस्कवर इमेज ठेवायची हे तुम्हालाच नावावरून ओळखावं लागतं. उलटं झालं तर भरलेली डिस्क रिकामी. हौस असेल तर रेस्क्यूझिला घ्या, तेच काम करतं, क्लोनझिलाच्या इमेज पण वाचतं आणि बटणं माउसने दाबायची सोय आहे. मॅक्रियम रिफ्लेक्टची फ्री आवृत्ती आमच्या सगळ्यांची लाडकी होती, पण जानेवारी २०२४ पासून तिला सिक्युरिटी अपडेट पण नाहीत. जुन्या साइटवरून ती उतरवून घेऊ नका. आक्रोनिस पैशाचं आहे, मात्र तुमच्या डिस्कचा ब्रँड बघा : वेस्टर्न डिजिटल, सीगेट, क्रुशल यांच्या डिस्क असतील तर त्या कंपन्या आक्रोनिसची कापलेली आवृत्ती फुकट देतात, फक्त त्या कंपनीची डिस्क मशीनला लावलेली पाहिजे.

विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)’ अजून दिसतं, त्यातून इमेज निघते पण. पण मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच ते मोडीत काढल्यागत केलं आणि बाहेरचं सॉफ्टवेअर वापरा म्हणून सांगितलं, मग आपण तिथं जीव का लावायचा. आणि दुकानात कोणी ‘घोस्ट मारून देतो’ म्हटलं तर घाबरू नका, नॉर्टन घोस्ट हे इमेज काढायचं जुनं सॉफ्टवेअर, ते २०१३ मध्येच बंद झालं, आपल्याकडे नाव तेवढं राहिलं, जसं झेरॉक्स.

इमेज त्याच १ टीबीच्या जुन्या हार्ड डिस्कवर ठेवू नका बरं का. ती त्याच डब्यात, त्याच एसएमपीएसवर (म्हंजे डब्यातल्या वीज पुरवणाऱ्या पेटीवर). लाइट गेली-आली, झटका बसला की दोन्ही एकदम. बाहेरची १ टीबीची पोर्टेबल डिस्क घ्या, आज जळगावच्या सराफात एक ग्रॅम सोन्याला जेवढे लागतात त्यापेक्षा कमीत येते. एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा (डिस्कवर फायली मांडायच्या या दोन पद्धती), एफएटी३२ वर ४ जीबीच्या वरची एक फाईल बसत नाही. लावताना निळं पोर्ट (यूएसबी ३) शोधा. १०० जीबीला काळ्या यूएसबी २ वर पाऊण-एक तास जातो, निळ्यावर पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. काम झालं की काढून ठेवा, लावून ठेवलेल्या डिस्कपर्यंत व्हायरस पण पोचतो. अन् ठेवायची कुठे तर स्लॅबखालच्या लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवर नाही. बऱ्याच पोर्टेबल डिस्कच्या कागदावर चालवायचं तापमान ३५ डिग्रीपर्यंतच लिहिलेलं असतं, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. दुपारी बॅकअप घेऊच नका, पहाटे घ्या. धाब्याचं जुनं घर असेल तर मधल्या खोलीसारखी जागा नाही.

मग एक दिवस त्या रिकव्हरीच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून बघा. बाहेरची डिस्क दिसते का, इमेज दिसते का, आतली एसएसडी दिसते का. तिन्ही दिसलं की कॅन्सल करून बाहेर या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, ११ वर जायचा विचार असेल तर ही सगळी तयारी त्याच्या आधी.

प्रश्न (रावेर) : केळीचा व्यवहार आहे, टॅलीचा डाटा रोज रात्री एकाच पेनड्राइव्हवर कॉपी करतो, जुन्यावर नवीन. पुरेसं आहे का?

उत्तर : नाही जिभाऊ. सोमवारी डाटा खराब झाला आणि तुम्हाला बुधवारी कळलं, तर सोमवार रात्रीच्याच कॉपीने चांगल्यावर खराब चढवलेला असतो. एकावर एक न ठेवता तारखेचं फोल्डर करा, टॅलीचा डाटा काही एवढा जड नसतो. दोन पेनड्राइव्ह आलटून पालटून, एक घरी, एक गोडाऊनला. कॉपीच्या आधी टॅली बंद पाहिजे, उघड्या कंपनीची कॉपी अर्धवट यायची भीती. आणि पेनड्राइव्ह ही मुळात ने-आण करायची वस्तू, वर्षानुवर्षं साठवायची नाही. जीएसटीच्या कायद्यानं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने हिशोब सांभाळायचाय, तेवढा भरवसा मी पेनड्राइव्हवर ठेवणार नाही. दर ३१ मार्चचा डाटा पोर्टेबल डिस्कवर आणि एखाद्या क्लाउडवर टाका. अख्ख्या मशीनची इमेज वर्षातून दोनदा काढली तरी चालेल. हिशोबाची कॉपी मात्र रोज, मग हंगामात ट्रक भरायला कितीही उशीर होवो.

प्रश्न (भुसावळ) : माझा नवीन विंडोज ११ लॅपटॉप आहे. क्लोनझिलाने इमेज काढायला गेले तर ५१२ जीबीची डिस्क पूर्णच्या पूर्ण कॉपी व्हायला लागली, वापरलेली तर फक्त ८० जीबी आहे. वर परत लॅपटॉप चालू केला तर कसली तरी लांबलचक ‘की’ (किल्लीचा आकडा) मागितली. मी काही बिघडवलं का?

उत्तर : काही बिघडवलं नाही ताई. तुमच्या डिस्कला बिटलॉकरचं कुलूप लागलंय, नव्या विंडोज ११ लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की ते आपोआप लागतं, कोणी विचारत पण नाही. क्लोनझिला बाहेरून येतं, त्याला आत नुसता गोंधळ दिसतो, कुठली जागा वापरलेली अन् कुठली रिकामी कळत नाही, म्हणून ते सगळंच उचलतं. बूटची सेटिंग बदललेली पाहून लॅपटॉपला संशय आला, म्हणून त्याने ‘की’ मागितली. ती ४८ आकडी असते, मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन बघा, तिथं साठवलेली असते. ती आजच्या आज वहीत उतरवून घ्या, कारण त्याच लॅपटॉपवर फोटो काढून ठेवला तर काय उपयोग.

तुमच्यासाठी विंडोजच्या आतून चालणारं सॉफ्टवेअर बरं, वरती गुरुजींना सांगितलं तेच. ते उघड्या कुलपाच्या आतून वाचतं, म्हणून ८० जीबीच घेतं. पण त्यामुळे इमेजला कुलूप राहत नाही हं, डिस्क ज्याच्या हाती पडेल तो वाचेल. इमेजला पासवर्ड लावा आणि रिस्टोअर केल्यावर बिटलॉकर पुन्हा चालू करा.

प्रश्न (नंदुरबार) : सिस्टिम रिस्टोअर चालू आहे, मग वेगळा बॅकअप कशाला भो?

उत्तर : सिस्टिम रिस्टोअर विंडोजच्या फायली आणि सेटिंग मागे नेतं, तुमचे फोटो नाही. आणि ते असतं त्याच डिस्कवर. डिस्क गेली की ‘समदं गयं’.

प्रश्न (चाळीसगाव) : ५०० जीबीची नवीन एसएसडी घेतली, जुनी हार्ड डिस्क १ टीबीची आहे. क्लोन होईल का?

उत्तर : भरलेली किती त्यावर आहे. २००-३०० जीबी असेल तर होईल, पण क्लोनझिला मोठ्यावरून छोट्यावर सरळ जायला कुरकुर करतं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन आधी पार्टिशन (डिस्कचा पाडलेला भाग, जसं सी, डी) आक्रसून घ्या, किंवा जागा आपोआप बसवून देणारं सॉफ्टवेअर वापरा. एसएसडीसोबत आलेल्या कागदावर कंपनीचं क्लोनचं सॉफ्टवेअर लिहिलंय का बघा, बहुतेक असतं. हे करायच्या आधी महत्त्वाच्या फायली तिसरीकडे कॉपी करा. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क काढलेली पाहिजे, दोन्ही सारख्याच दिसल्या की विंडोज कुठून सुरू झालं हेच कळत नाही अन् माणूस महिनाभर जुन्याच डिस्कवर काम करत बसतो. जुनी लगेच पुसू नका. दिवाळीपर्यंत कपाटात पडू द्या.