कळसूबाईला पहिल्यांदा जाताना

कळसूबाई हे १६४६ मीटर उंचीचे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असले, तरी बारी गावातून वर जाणारी वाट मळलेली असल्यामुळे नवख्या माणसालाही ते नक्की जमते. पहिल्या खेपेसाठी पावसाळा टाळून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा आणि उजाडण्यापूर्वीच चालायला लागावे, कारण वाटेवर सावली फारशी नाही आणि ऊन चढले की दमछाक दुप्पट होते.

खरी काळजी लोखंडी शिड्यांवर घ्यायची. तिथे दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून पाण्याची बाटली आणि मोबाइल आधीच पाठपिशवीत टाकावा. पहाटेच्या दवाने कठडा इतका निसरडा झालेला असतो की तळहात पुसून मगच पकड घ्यावी लागते. पुढच्याने शिडी सोडल्याशिवाय आपण पाय ठेवू नये. नवरात्रात माथ्यावरील देवीच्या दर्शनाला मोठी गर्दी होते, तेव्हा ते दिवस नवशिक्यांनी टाळलेलेच बरे.

प्रत्येकी तीन लिटर पाणी घ्यावे. उतरताना मुरमावर पाय घसरतो आणि गुडघ्यांवर भार येतो, त्यामुळे वर अलंग, मदन, कुलंग हे किल्ले पाहत कितीही रमलात तरी उतरण्यापुरती ताकद राखून ठेवा.