कादंबरी अर्ध्यावर असताना सुट्टीला जायचं तर लिखाण सोबत न्यावं का?

तुमची पहिली कादंबरी पन्नास-साठ पानांवर अडली आहे. मे महिन्यात गावी जायचंय, आणि तिथे निवांतपणा मिळेल म्हणून लिखाण सोबत न्यावं की घरीच ठेवावं, असा तुमचा प्रश्न आहे. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्यांचं काम सध्या कुठवर आलंय आणि लिहिताना ते काय वाचतात, हेही तुम्ही विचारलंय. पहिल्याचं उत्तर लगेच देते: घरी ठेवा. पिशवीत पुस्तकं भरा. मात्र कुठली पुस्तकं, याबद्दल माझी मतं जरा हट्टी आहेत, म्हणून उत्तर लांबणार.

मी ठाण्यात राहते, नोकरी ऐरोलीला. ‘लोकलमध्ये लिहून होतं’ असं सांगणाऱ्यांनी एकदा सकाळी ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून वाशीकडची गाडी पकडून दाखवावी. बरं, बसायला मिळालंच तरी दिघा गाव गेलं की ऐरोली. पेनाचं टोपण काढेपर्यंत उतरायची वेळ येते. म्हणून माझं लिखाण पहाटेचं, दूधवाल्याची बेल वाजायच्या आधीचं. संध्याकाळी डोक्यात ऑफिस असतं. तेव्हा फार तर सकाळचं वाचून चार शब्द खोडते.

कादंबरी उरण तालुक्यातल्या एका आगरी घराची आहे. गाव काल्पनिक, काळ खरा. १९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायच्या ठरल्या, तिथपासून १९८४ च्या जानेवारीपर्यंत. घरात दोन भाऊ. थोरला मोबदला उचलून मोकळा होतो, धाकटा जमीन गेलेल्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या सभांना जाऊ लागतो. मध्ये त्यांची आई. तिला मिठागराच्या पलीकडचं काही कळत नाही, असं दोघंही धरून चालतात. पुस्तक खरं तर तिचंच आहे, पण हे तिने मला बऱ्याच उशिरा कळू दिलं.

आज घडीला मधला भाग उभा आहे, सुरुवात पुन्हा लिहायची आहे, शेवट टिपणांत आहे. शिवाय एका दिवाळी अंकासाठी कथा द्यायचीय. संपादक पावसाळ्यातच तगादा लावतात, त्यामुळे जून गेला की त्या कथेचं काही खरं नसतं.

‘किती पानं झाली?’ हा प्रश्न नातेवाईक विचारतात, त्यांना मी काहीतरी आकडा सांगते. स्वतःशी मात्र वेगळा हिशेब ठेवते: गोष्टीतल्या किती गोष्टी आता मला ठरवाव्या लागत नाहीत, कारण त्या ठरल्याच आहेत. हे नीट सांगायचं तर अलीकडे सुटलेला एक प्रसंग सांगावा लागेल.

१६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-नवघर परिसरात आंदोलक शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच जण गेले. जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना पुढे आली ती याच लढ्यातून. माझ्या कादंबरीत सोळा तारखेच्या सकाळी धाकटा घरातून निघतो. आई त्याला अडवते का? अडवते म्हटलं तर नाटकातला प्रवेश होत होता. नाही अडवत म्हटलं तर बाई दगड वाटत होती. दोन्ही लिहून पाहिलं, दोन्ही खोटं.

मग जुनं पंचांग काढलं. त्या वर्षी पौषातली पौर्णिमा १८ जानेवारीला होती. म्हणजे सोळाला त्रयोदशी. आपल्या किनाऱ्यावर भरतीचा एक जुना आडाखा आहे: तिथीला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. तेर त्रिक एकोणचाळीस, भागिले चार, पावणेदहा. खाडीत जितकं आत जाल तितका थोडा उशीर. पौर्णिमा जवळ, म्हणजे उधाणाचे दिवस. आणि जानेवारी हा तर मिठागराच्या हंगामाचाच महिना. दिवाळीनंतर बांध डागडुजी करून भरतीचं पाणी आत घ्यायचं, ते एका खणातून दुसऱ्या खणात फिरवत उन्हात आटवायचं आणि पाऊस यायच्या आत मीठ ओढून रास करायची. अशा सकाळी ती बाई घरात असणारच नाही. ती उघाडीपाशी, म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायच्या दारापाशी असणार, पाण्याकडे बघत. धाकटा निघतो तेव्हा घरात अडवायला कोणीच नसतं आणि त्याने मुद्दाम भरतीची वेळ निवडलीय, हे तिला दुपारी कळतं.

एवढं सापडल्यावर निरोपाची चार पानं केराच्या टोपलीत गेली. त्या आठवड्यात माझी पानसंख्या घटली, आणि तो माझ्यासाठी या वर्षातला सगळ्यात चांगला आठवडा होता.

आता वाचनाकडे येते. कच्चा खर्डा चालू असताना मी चांगल्या मराठी कादंबऱ्या वाचत नाही. वाईटही वाचत नाही, पण चांगल्या जास्त घातक. लागण होते. रात्री कोणाची पल्लेदार वाक्यं वाचावीत, आणि पहाटे माझी मिठागरातली बाई स्वगतं म्हणायला लागलेली असते. काही लेखकांना असं होत नाही म्हणतात. त्यांचा मला हेवा वाटतो आणि थोडा संशयही येतो.

म्हणून खर्ड्याच्या काळात ज्याला ‘शैली’ म्हणून काही नाही, असं वाचायचं. १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर (मुंबई इलाख्याच्या मालिकेतला तेरावा खंड) माझ्या टेबलावर कायमचं आहे. मीठ, भात, खाड्या, बंदरं, जाती, सारा, सगळं त्यात आहे. ते साहेबाच्या आणि सारावसुलीच्या नजरेने लिहिलेलं आहे, हे विसरून वाचू नये एवढंच. त्याच्याशेजारी ‘मार्ग’ या नियतकालिकाचा १९६५ चा अंक. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता, तसंच अभियंता शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना त्यात मांडली होती. मुंबईचा श्वास कोंडतोय आणि त्यावर उपाय शोधला पाहिजे, असं मनापासून वाटणारी ही माणसं. माझ्या कादंबरीतल्या आईला ती कधी भेटत नाहीत. पण तो अंक टेबलावर असला की एखादा मिशीला पीळ देणारा खलनायक रंगवण्याचा मोह आवरतो. जमीन गेली ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याने, नोटिशीच्या कागदाने. तो कागद घेऊन आलेला तलाठी बहुतेक वेळा ओळखीचाच असायचा. ही गोष्ट मला खलनायकापेक्षा जास्त अवघड वाटते, म्हणून तीच लिहायची आहे.

जुन्या मराठी पुस्तकांसाठी ठाण्यात राहणाऱ्याला फार लांब जावं लागत नाही. वि. ल. भावे यांनी पुढाकार घेऊन १८९३ साली सुरू केलेलं मराठी ग्रंथ संग्रहालय गावातच आहे. तुम्ही जिथे राहता तिथलं जुनं वाचनालय शोधा आणि कपाटांमधून हिंडा. हवं ते पुस्तक मोबाइलवर शोधून सापडतं. नको असलेलं, पण उपयोगी पडणारं पुस्तक कपाटासमोर उभं राहिल्याशिवाय सापडत नाही.

संवादांना मात्र पुस्तकं पुरत नाहीत. मी आगरी नाही. ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ केला की आगरी बोली झाली, असं समजून लिहिलेले संवाद टीव्हीवर पुष्कळ ऐकू येतात. ऑफिसात उरणकडचे एक सहकारी आहेत. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की मी त्यांना संवाद वाचून दाखवते. ते ‘बरोबर आहे’ म्हणाले तर ठेवते, गप्प बसले तर खुणेची रेघ मारते. हसले तर खोडते. एकदा म्हणाले, ‘मॅडम, आमची आई एवढं बोलतच नाही.’ त्या दिवशी खूप काम झालं.

आणि सुट्टी. माझं माहेर संगमेश्वरकडचं. रेल्वेचं आगाऊ आरक्षण हल्ली साठ दिवस आधी उघडतं (२०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत एकशेवीस होतं), आणि मे महिन्यातली कोकणची तिकिटं मिळवणं हा एक स्वतंत्र साहित्यप्रकार आहे, त्यात शिरत नाही. मिळाली, गेलो. लॅपटॉप ठाण्याला, वही ठाण्याला. नवऱ्याने दारात विचारलं, ‘नक्की ना?’ नक्की.

गावच्या घरात वेळ भरपूर असतो, हा शहरात बसून करून घेतलेला समज आहे. वेळ असतो, पण तो तुमच्या मालकीचा नसतो. लॅपटॉप उघडला की भाचे गेम मागतात. मामा म्हणतो, ‘आता उघडलाच आहेस तर माझा तो पेन्शनचा फॉर्म बघ.’ वहिनी काही बोलत नाही, पण पडवीत आंबापोळ्या घालायच्या ताटांची रांग लागलेली असते आणि तुम्ही खुर्चीत. आई मधूनच येऊन विचारते, ‘झालं का गं तुझं लिहून?’ त्या प्रश्नाला जगात उत्तर नाही. संध्याकाळपर्यंत अर्धं पान होतं, तेही टाकायच्या लायकीचं, आणि सुट्टीही झालेली नसते. पैसे भरून कर्जत-मुरबाडकडे फार्महाउसवर लिहायला जाणारे माझ्या ओळखीत आहेत. पूर्ण झालेला खर्डा तपासायला ती जागा चांगली, हे मी मान्य करते. अडलेला खर्डा तिथे सुटलेला मी तरी पाहिला नाही. बघायला डोंगर असला की माणूस डोंगराचंच वर्णन लिहितो.

वाचन मात्र गावी मस्त होतं, कारण ते मध्येच मिटता येतं. आणि इथे मी माझा नियम उलटा करते: आता हवं ते, जवळचं सोडून काहीही. माळ्यावर आजोबांचा एक गठ्ठा आहे, त्यात जुने दिवाळी अंक आणि बाबूराव अर्नाळकर. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ सालच्या ‘मनोरंजन’पर्यंत मागे जाते. आमच्याकडचे इतके जुने नाहीत, पण पानं पिवळी पडलीत आणि वाळवीने काही कथांचे शेवट खाल्लेत. ते शेवट मनातल्या मनात पुरे करायचे, हा दुपारचा उद्योग. आणि अर्नाळकर! हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिलेला माणूस. झुंजार किंवा काळापहाड हातात घेतला की कळतं, पान उलटायला लावणं हीसुद्धा एक विद्या आहे, आणि माझ्यासारखे गंभीर तोंड करून लिहिणारे तिच्याकडे उगाच नाक मुरडतात. त्यांच्या भाषेची मला लागण होत नाही. अंतर फार आहे. प्रकरण कुठे तोडायचं, ते मात्र मी निमूटपणे बघून घेते.

कादंबरीसाठी सुट्टीत काय मिळालं, असं विचाराल तर काही नाही. फणस खाल्ले, पत्ते खेळले, आईशी थोडं भांडले. गावाला गेलं की पात्रं भेटतात, कथाबीजं मिळतात, असं पुष्कळ लेखक मुलाखतींत सांगतात. मला भेटले ते नातेवाईक. फायदा परत आल्यावर दिसतो. मधे इतके दिवस गेलेले असतात की स्वतःची वाक्यं पाठ राहिलेली नसतात. त्यामुळे कागदावर जे आहे तेवढंच वाचलं जातं, मनात होतं ते नाही. आता या वाचनात मला धाकट्या भावाची दोन प्रकरणं शेजारी ठेवायला नकोत, एवढं स्पष्ट दिसलं. जाण्याआधी महिनोन्‌महिने ती मी ओळीने वाचत होते.

तेव्हा तुमच्यापुरतं सांगते. निघायच्या आधी प्रकरण घाईघाईने पुरं करू नका. अर्ध्यात सोडा आणि खाली एका ओळीत लिहून ठेवा: पुढे कोण आत येणार आहे. का येणार, ते लिहू नका. गावी काही सुचलंच तर मोबाइलवर एक ओळ टिपा आणि फोन ठेवून द्या. परत आल्यावर लगेच लिहायला बसू नका. पन्नास-साठ पानांची छपाई करून घ्या, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे होते, आणि हातात पेन न घेता एका बैठकीत वाचा. पेन घेतलंत की तुम्ही शुद्धलेखन तपासायला लागाल. कंटाळा कुठे आला ते पान फक्त दुमडा. माझा अंदाज आहे की कादंबरी साठाव्या पानावर अडलेली नसेल. ती त्याच्या बरीच आधी, एखाद्या दुमडलेल्या पानावर अडलेली असेल, आणि पुढची पानं तुम्ही नुसती नेटाने लिहिली असतील.

तुमची गोष्ट कुठल्या गावातली आणि कुठल्या सालातली, ते प्रश्नात नाहीये. ते खाली लिहिलंत तर त्या भागाबद्दल वाचण्यासारखं काय आहे ते सुचवेन. ठाणे-रायगडपुरतं तरी बरंच सांगता येईल.