बुझुकी हे ग्रीक वाद्य किती जुनं आहे? त्यावर कुठलं संगीत वाजतं?

घराणं जुनं, पण आजची बुझुकी जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांची. लांब दांडीची तंबुरासारखी वाद्यं बायझंटाईन काळापासून तिथे होती. तुर्की साझही त्याच कुळातलं.

खरी कलाटणी 1922-23 ची. ग्रीस-तुर्कस्तान युद्धानंतर आशिया मायनरमधून लाखो निर्वासित आले आणि बरेचसे अथेन्सजवळच्या पिरेउस बंदराच्या आसपासच्या झोपड्यांत राहिले. तिथल्या हशिशच्या अड्ड्यांवर आणि तुरुंगांत 'रेबेतिको' हे संगीत वाढलं: गरिबी, नशा, फसलेलं प्रेम. मार्कोस वामवाकारिस हा त्यातला मोठा माणूस. कत्तलखान्यात राबायचा आणि बुझुकी वाजवायचा. त्याचा खरबरीत आवाज मला तरी नंतरच्या गुळगुळीत गायकांपेक्षा जास्त भिडतो.

1936 नंतर मेताक्सासच्या हुकूमशाहीत सेन्सॉरशिप आली, पोलिसांचा ससेमिरा होताच. बुझुकीचं छोटं भावंड बाग्लामास मात्र कोटाखाली सहज लपायचं. पुढे संगीतकार त्सित्सानिसने हे संगीत मध्यमवर्गापर्यंत नेलं.

जुन्या बुझुकीला तारांच्या तीन जोड्या, सूर D-A-D (पाश्चात्य पद्धतीचे रे-ला-रे). 1950 च्या दशकात बुझुकीवादक मानोलिस हियोतिसने चौथी जोडी रूढ केली, सूर जवळपास गिटारसारखे लावले. वेग वाढला, पण जुन्या मंडळींना तो प्रकार अजिबात पटला नाही! चालींचा पाया 'द्रोमी', म्हणजे साधारण आपल्या थाटांसारख्या स्वरमालिका. त्यातली 'हिजाझ' ऐकाच, भैरवच्या खूप जवळची आहे. म्हणूनच की काय, त्या काळात ग्रीसमध्ये हिंदी सिनेमातल्या चालींवर ग्रीक शब्द बसवलेली गाणी बेफाम चालली.